गाडीला म्हटलं

माझ्या सासूबाईंचा देवावर पूर्ण विश्वास आहे, डॉक्टरांवर थोडा कमी आहे, पण 'हा डाग निघणार नाही' या वाक्यावर मात्र रतीभरही नाही. कोणी तसं म्हणायचा अवकाश, की त्यांचा पदर खोचला गेलाच म्हणून समजा. हळद, शाई, फणसाचा चीक, लोखंडाचा गंज, सगळ्यांशी त्या दोन हात करून बसल्या आहेत. परक्याच्या लग्नात समोरच्या बाईच्या शालूवर जिलबीचा पाक ओघळलेला दिसला, तर ओळख ना पाळख, त्या वाढप्याकडून गरम पाण्याचा तांब्या मागवतात. माझ्या स्वतःच्या लग्नात ऐन विधी चालू असताना समईतलं तेल माझ्या रेशमी कुर्त्यावर सांडलं. सासूबाईंनी कुठून तरी टाल्कम पावडरचा डबा पैदा केला आणि भटजींचे मंत्र चालू असतानाच माझ्या खांद्यावर उपडा केला. "पावडर तेल पिते. झटकू नका म्हणावं त्यांना," हे मात्र त्यांनी मला नाही, माझ्या होऊ घातलेल्या बायकोला सांगितलं. आमच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी पिठाच्या गिरणीतून परस्पर मांडवात आल्यासारखा दिसतो. कुर्ता मात्र अजून नवा आहे.

त्यांनी मला थेट का सांगितलं नाही, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला. जावयाला बोलायचं नसतं, असं त्यांच्या आईने त्यांना बजावलं होतं, आणि सासूबाई आईच्या शब्दाबाहेर नाहीत. सासरे गेले तेव्हा बायको त्यांना कुर्ल्याच्या घरातून मुलुंडला आमच्याकडे घेऊन आली. आता एका घरात राहायचं म्हणजे जावयाचे अपराध रोज डोळ्यांसमोर, आणि बोलायची तर बंदी! त्यावर सासूबाईंनी झकास तोडगा काढला. त्या वस्तूंना बोलायला लागल्या. मी पंखा चालू ठेवून खोलीबाहेर आलो, की "काय रे, कोणासाठी फिरतोयस गरागरा?" बाथरूममध्ये बादली भरून वाहायला लागली, की "अगं, तुझ्या बापाचा तलाव आहे का?" पंख्याला 'अरे', बादलीला 'अगं', यात त्यांची कधी गल्लत झाली नाही. आणि मग माझ्याकडे वळून, आवाजात साखर घालून, "जावईबापू, चहा टाकू का?"

पण त्यांच्या बोलण्याचा खरा मान होता माझ्या जुन्या गाडीला. ही गाडी मी सेकंडहँड घेतली होती आणि ती पहिल्या दिवसापासून ऑइल गाळायची. गॅरेजवाल्याकडे नेली, की तो बोनेटखाली डोकं घालायचा आणि म्हणायचा, "पुराना माल है साहेब, थोडा तो टपकेगा." सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरल्या, आणि गाडीखालच्या डांबरावर त्यांना तो काळा, चकचकीत डाग दिसला. मी ऑफिसला जायला खाली आलो, तर त्या कमरेवर हात ठेवून गाडीपुढे उभ्या. "काय गं, लाज नाही वाटत? एवढी घोडी झालीस, आणि अजून अंथरूण ओलं करतेस? तुला कोणी वळण लावलंच नाही का?" मी आपला चावी हातात धरून, मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून युद्धच सुरू झालं. कुर्ल्याच्या घरात फरशीवरचे तेलाचे डाग त्या रॉकेलने काढायच्या. तिथून सामानासोबत आणलेली एक जुनी बाटली त्यांनी आमच्या डांबरावर ओतली आणि खराट्याने घासायला घेतलं. डाग निघाला, पण त्याच्याबरोबर रस्ताही निघाला! रॉकेलने डांबर विरघळून चिखलासारखं झालं, खडी वर आली आणि सासूबाईंची एक चप्पल त्यात रुतून बसली ती निघेना. आजूबाजूच्या सोसायट्यांनी पेव्हर ब्लॉक बसवले असताना आमच्या सेक्रेटरींनी हट्टाने गेटपासून पार्किंगपर्यंत नवं डांबर घालून घेतलं होतं. ते धावत आले. "मावशी, हे काय केलंत! नवा रोड आहे!" सासूबाईंनी एका पायात चप्पल घातलेल्या अवस्थेत शांतपणे उत्तर दिलं, "कच्चं काम आहे तुमचं. साधं रॉकेल सहन होत नाही."

घरी आल्यावर मात्र त्या विचारात पडल्या. संध्याकाळी जेवताना त्यांनी निष्कर्ष जाहीर केला, अर्थात आमटीच्या पातेल्याकडे बघून. "तेल आणि डांबर ही भावकी आहे. भावकीत मध्ये पडायचं तर जपून पडावं लागतं." मग त्यांना माझ्या कुर्त्याची आठवण झाली असावी. सुताराकडून त्या पोतंभर लाकडाचा भुसा घेऊन आल्या. संध्याकाळी ताज्या डागावर भुसा पसरायचा, पायाने दाबायचा, रात्रभर त्याला तेल पिऊ द्यायचं, सकाळी झाडून गोळा करायचा. मग भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि काथ्या. घासायचं ते हलक्या हाताने, नाहीतर खडी सुटते. भुसा नसेल तेव्हा घरातली रांगोळी जायची. एका दिवाळीत दारापुढे काढायला चिमूटभर रांगोळी उरली नव्हती, सगळी गाडीखाली! येणारेजाणारे म्हणायचे, गाडीची पूजा केलेली दिसते.

हळूहळू त्यांना गळतीतलं सगळं समजायला लागलं, निदान त्यांचं तरी तसं मत होतं. काळं ते इंजिनचं, हिरवं ते रेडिएटरचं. हिरवं दिसलं की त्या सगळी कामं टाकून धुवायच्या, कारण ते गोडूस असतं, मांजरं चाटतात आणि मरतात. एकदा लाल डाग दिसला, तेव्हा त्यांनी बोटावर घेतला, हुंगला आणि सांगून टाकलं, "गिअरचं ऑइल. गाडीची वाट लागली." मी घाबरून गॅरेजवाल्याला बोलावलं. तो बिचारा गाडीखाली झोपून शोधत असताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वरून ओरडल्या, "अहो, माझं कोकम सरबत सांडलं हो तिथे!" सासूबाई अजिबात ओशाळल्या नाहीत. "बाई गं, तुझ्यावर आळ घेतला," म्हणून त्यांनी गाडीच्या बोनेटवर हात फिरवला आणि त्या वर निघून गेल्या.

आणि मग सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी ठराव मांडला, की आवार खराब करणारी गाडी आत उभी करायची नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आवार खराब करणारी गाडी होती कुठे दुसरी! बायको तर मनातून खूशच झाली, तिला केव्हापासून नवी गाडी हवी होती. मला मात्र ती सोडवत नव्हती. बाहेर रस्त्यावर लावली तर उचलूनच नेणार, म्हणजे गाडी विकायचीच. माझ्या आईला मी याच गाडीतून सगळीकडे फिरवलं. पुढच्या सीटवर बसून ती मला रस्ताभर झापायची. आई गेली, आणि मला झापणारं माणूसच उरलं नाही. बायको झापते, पण ते बरोबरीचं भांडण, त्यात तह करता येतो. आईचं झापणं वेगळं असतं. ते मी अजून त्या सीटवरून ऐकत होतो. आता हे सभेत कसं सांगणार? रविवारी कमिटी पाहणीला येणार असं ठरलं.

रविवारी सकाळी कमिटी खाली उतरली. मी बघतो तर काय, डांबर अगदी लख्ख! आणि इंजिनाच्या बरोबर खाली सासूबाईंच्या रुखवतातली पितळेची मोठी परात, तिच्यात भुसा. शेजारी स्टूल टाकून सासूबाई स्वतः बसलेल्या.

सेक्रेटरी वाकले. "मावशी, गळते तर आहे ना?"

तेवढ्यात परातीत टप्प करून थेंब पडला. सगळ्यांना ऐकू आला.

"गळते ना," सासूबाई म्हणाल्या. "ठरावात काय लिहिलंय? आवार खराब करणारी. आवारात पडलं का? परातीत पडलं. परात सोसायटीची नाही, माझी आहे."

सेक्रेटरींनी डोक्याला हात लावला. मग हसले आणि म्हणाले, "चला, चहा पिऊ या." कमिटी गेली. ज्या डागाने या बाईच्या गुडघ्यांची वाट लावली, तो हाकलायची आयती संधी आली होती, आणि या त्याच्याच वकील होऊन बसल्या! त्यांनी परात सरळ केली आणि गाडीच्या दिव्यावर टिचकी मारली. "तू गेलीस तर मी बोलू कोणाला गं?"

गाडी अखेर वयानेच गेली. एका सकाळी इंजिन जे बसलं ते उठलंच नाही. भंगारवाला तिला ओढून घेऊन गेला, तेव्हा सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. परात घासून फळीवर गेली, तिच्यात कणीक मळायला बायको अजून तयार नाही. नवी गाडी आली ती बॅटरीवरची. सासूबाईंनी पहिल्या सकाळी तिच्याखाली वाकून बघितलं. कोरडं ठक्क. "काय गं, तुझं काहीच नाही का?" एवढंच म्हणाल्या. पुढे पंख्याला बोलणंही कमी झालं. घरात सगळं "जावईबापू, चहा?" आणि "जावईबापू, छत्री घ्या" असं चाललं होतं. माझ्याच घरात मी पाहुणा झालो, आणि खरं सांगतो, मला फार एकटं वाटायला लागलं.

एका रविवारी आम्ही तिघं त्यांच्या बहिणीकडे नाहूरला निघालो. सासूबाई माझ्या शेजारी, मांडीवर कढीचा डबा. मी नव्या गाडीच्या पडद्यावरचं काहीतरी बघत होतो, समोरचा स्पीडब्रेकर दिसलाच नाही. गाडी उडाली, डब्याचं झाकण उडालं, आणि पिवळीधमक कढी नव्या सीटवर.

"अरे मेल्या, समोर बघून चालव ना! डोळे कुठे आहेत तुझे?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "गाडीला म्हटलं हो, जावईबापू."

"हो, हो," मी म्हणालो. मागे बायकोला खोकल्याची उबळ आली. इतक्या वर्षांत सासूबाईंनी गाडीला कधी 'अरे' म्हटलं नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली, कारण मला पुढचा रस्ता नीट दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो, तर सासूबाई गरम पाणी आणि काथ्या घेऊन हजर. नवी गाडी मी थोडी मागे लावतो, कारण पुढे डांबरावर जुनीचा एक अंधूक गोल अजून आहे. डांबर ते तेल कधीच पिऊन बसलंय. सासूबाई अधूनमधून त्याला घासतात आणि "निघेल" म्हणतात. आज त्यांनी गाडीचा दरवाजा उघडून सीटवरच्या कढीकडे मोर्चा वळवला होता.

"हा डाग राहू द्या," मी म्हणालो. "नका काढू."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, अगदी जुन्या गाडीला न्याहाळायच्या तसं.

"का रे?" त्यांनी विचारलं. या वेळी तोंडाला पदर गेला नाही.