शैलाताईंचा एक बाइट

शैलाताई गेल्याचं मला दुर्ग स्टेशनवर कळलं. रायपूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत मी बाकावर बसले होते. पर्समध्ये त्यांचा चष्मा होता, पिशवीत धुतलेले कपडे आणि जवसाच्या चटणीची लहानशी डबी. आदल्या दिवशी रायपूरच्या दवाखान्यातून निघताना त्यांनीच बजावलं होतं, "वंदे, घरी जाय अन् जरा पाठ टेकव. उद्या येजो तं चष्मा आणजो, इथले सारे डॉक्टर मले एकसारखेच दिसून राहिले." फोन आला तो अनिलचा, म्हणजे माझ्या यजमानांचा होता. ताईंचा हा धाकटा भाऊ एरवी फोनवर शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलणारा. त्या सकाळी नुसतं "वंदना..." म्हणाले. मला समजलं. गाडी आली तशी मी चढले. दुसरं काय करणार होते...

ताईंच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापानं खराब झाली होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यांना तर सगळ्यात जास्त. पण ठाऊक असलेली गोष्टसुद्धा आली की अचानकच येते. नंतरच्या दिवसांत भिलाईत स्मृती नगरातल्या आमच्या घरी भेटायला खूप माणसं आली. चहाचा कप हातात घेऊन बऱ्याच जणांनी हळूच विचारलं, "त्या नेमकं काय करायच्या हो? कॉम्प्युटरवर काही तरी ना?" काही तरी! मी प्राथमिक शाळेची मास्तरीण, कॉम्प्युटरमधलं मला फार कळत नाही. पण त्या 'काही तरी'बद्दल मला इतका अभिमान आहे, की तो मांडल्याशिवाय राहवत नाही.

माझे सासरे तिरोड्याकडचे, धानाची शेती करणाऱ्या घरातले. भिलाईच्या पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर काम मिळालं आणि ते इकडचेच झाले. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये ताई वाढल्या. डॉक्टरांनी धावायला, पायऱ्या चढायला मनाई केली, तेव्हा सासरे म्हणाले होते म्हणे, "धावता नाई येत तं बसून शिकल. बसून काय कमी शिकता येते?" त्या बसून शिकल्या, आणि इतक्या शिकल्या की आमच्या नातेवाइकांत कोणी नाव ऐकलं नव्हतं अशा कामासाठी बंगळूरला गेल्या. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर सगळ्यात आधी जागी होणारी आणि बाकी सगळ्यांना कामाला लावणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिचा अगदी तळाचा भाग त्या लिहीत. पडद्यावरची रंगीत चित्रं वगैरे नाही. प्रोसेसरला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूला, त्याच्याच भाषेत, एकेका शब्दात, हे उचल, तिथे ठेव, आता थांब, असं सांगणं. त्या भाषेला असेंब्ली म्हणतात, हेही मला त्यांनीच शिकवलं.

मी या घरात सून म्हणून आले त्याच्या थोड्याच दिवसांनी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. ताईंना कोणी ये म्हटलं नव्हतं. त्या आपण होऊन बंगळूर सोडून आल्या. "इतकी शिकली अन् भिलाईत येऊन बसली," असं बोलणारे बोलले. ताईंनी समोरच्या खोलीत खिडकीशी टेबल लावलं, आणि मिलच्या यंत्रांना कंट्रोलर, म्हणजे ती चालवणारे छोटे कॉम्प्युटर, बनवून देणाऱ्या रायपूरच्या एका छोट्या कंपनीचं काम घेतलं. सकाळी आईला भरवायच्या, अंग पुसून द्यायच्या आणि मग टेबलाशी बसायच्या. मी शाळेतून आले की आमचा चहा व्हायचा. एकदा मी विचारलं, "ताई, तुमच्या त्या प्रोसेसरला चुकलं-बरोबर कसं कळते?" त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "त्याच्या पोटात फ्लॅग असतात. लहान लहान खुणा, एक तं वर नाई तं खाली. तू पोराईले बेरीज शिकवताना हातचा घेतं ना? तसा त्याले हातचा आला का एक खूण वर होते. उत्तर शून्य आलं का दुसरी. पुढचं काम करणारा त्या खुणा पाह्यते अन् ठरवते काय करायचं ते." मग म्हणाल्या, "पण खुणा साऱ्याईच्या मिळून एकच असतात बरं. म्हणून कोणी कोणती खूण कशी सोडून जायची, याचे नियम असतात. माझं अर्धं काम ते नियम पाळणं, अन् अर्धं काम कोणी मोडले ते शोधणं."

हे शोधणं किती मोठं असू शकतं, ते मला देवांगनच्या प्रकरणात दिसलं. रायपूर रस्त्यावरच्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये ताईंचा प्रोग्राम असलेला कंट्रोलर बसवला होता. लाल तापलेल्या सळ्या पुढे ढकलणारे रोलर त्यावर चालत. एके दिवशी थांबवलेले रोलर आपोआप फिरले, सळई घसरली आणि खाली उभ्या असलेल्या मजुराचा पाय भाजला. पॅनलवर देवांगन नावाचा ऑपरेटर होता. कंट्रोलरच्या नोंदीत 'चालू करा' असा हुकूम दिसत होता, म्हणजे बटण त्यानेच दाबलं असणार, असं म्हणून त्याला घरी बसवलं आणि चौकशी लावली. कंट्रोलरच्या कंपनीचे मालक आमच्या घरी आले. चांगला माणूस, पण घाबरलेला. त्यांना ताईंकडून एवढंच हवं होतं, की प्रोग्राम ठीक आहे असं लिहून द्या. ताई म्हणाल्या, "पहिले मी त्या ऑपरेटरला भेटणार."

ताईंना दम लागायचा म्हणून बाहेर जाताना मी सोबत असायचे. भिलाईच्या कडेला असलेल्या कुरुदला देवांगनच्या घरी आम्ही दोघी गेलो. नव्या इमारतींच्या मागे त्याचं जुनं कौलारू घर होतं. त्याने खुर्च्या मांडल्या, स्वतः उभाच राहिला. बायको दाराआडून ऐकत होती. ताईंनी त्याला काहीच उलटसुलट विचारलं नाही, फक्त सळई घसरायच्या आधी पॅनलवर काय काय दिसलं ते सांगायला लावलं. तो सगळं नीट सांगत गेला आणि शेवटी आपल्या बोलीत म्हणाला, "मैं बटन ला छुए घलो नइ रहेंव, दीदी." बटणाला हातसुद्धा लावला नव्हता... परत येताना रिक्षात ताई म्हणाल्या, "तो खोटं नाई बोलत. म्हणजे खोटं माझ्या मशीननं लिहिलं."

त्यानंतरचे काही आठवडे मी त्यांना टेबलापासून फारसं उठलेलं पाहिलं नाही. कंट्रोलर महिनोन् महिने बरोबर चालायचा, त्यामुळे चूक पकडायची कशी? सासूबाई पलंगावरून अर्धवट शब्दांत विचारायच्या, "सापडलं?" आणि ताई तिथूनच सांगायच्या, "नाई आई, लपून बसलं हाय." मग एका रविवारी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि मला म्हणाल्या, "वंदे, वाट्या काढ." मी आपल्या काढल्या. त्यांनी त्या ओट्यावर एका ओळीत मांडल्या. उजवीकडची शेवटची वाटी रिकामी ठेवली, तिच्या अलीकडच्या काही वाट्यांत शेंगदाणे घातले. म्हणाल्या, "हे शेंगदाणे एकेक वाटी उजवीकडे सरकव. डावीकडून सुरू केलं तं भरलेल्या वाटीतच टाकशील, म्हणून उजव्या टोकापासून मागं मागं ये." मी उलटी येऊ लागले. अर्ध्यात असताना त्यांनी टाळी वाजवली आणि ओळीच्या उजव्या टोकाला आणखी काही रिकाम्या वाट्या जोडल्या. "थांब! तातडीचं काम आलं. ते सोड अन् हे वेलदोडे घे. या पहिल्या रिकाम्या वाटीपासून दर वाटीत एकेक टाकत जाय." मी टाकू लागले आणि हात आपसूक मागेच जात राहिला, आधी जात होता तसाच. दुसरा वेलदोडा थेट शेंगदाण्यांत पडला.

ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "कावून मागं गेली तू?"

"तुम्ही पुढं जाय असं कुठं म्हटलं?"

"हेच! मीबी नाई म्हटलं त्याले."

प्रोसेसरमध्ये दिशेचीही एक खूण असते. ती खाली असेल तर माहिती पुढे पुढे ठेवली जाते, वर असेल तर मागे मागे. नियम असा, की जो उलटा जाईल त्याने खूण वर करावी आणि काम झालं की खाली आणावी. आणि मध्येच तातडीनं येणाऱ्या कामानं, इंटरप्ट म्हणतात त्याला, आल्या आल्या ती खूण स्वतः खाली करून घ्यावी. आधीच्याचं काम कुठवर आलं होतं, हे त्याला ठाऊक नसतं. ताईंच्या इंटरप्टमध्ये 'खूण खाली कर' हा एक शब्द राहून गेला होता. एरवी खूण खालीच असायची, म्हणून काही बिघडत नव्हतं. त्या दिवशी नेमकं उलटं काम चालू असताना सळईचं माप आलं, ते मागे मागे लिहिलं गेलं, आणि शेजारी ठेवलेल्या 'थांबा'च्या जागी 'चालू करा' उमटलं. देवांगनचं बटण कुठेच नव्हतं.

मिलमधल्या बैठकीला मी त्यांच्याबरोबर गेले. गाडीत कंपनीचे मालक त्यांना विनवत होते. माहिती उलटी सरकवणारा प्रोग्रामचा तुकडा दुसऱ्या गावातल्या लोकांकडून घेतलेला होता, त्यांच्यावर ढकलून देऊ, कोणाला कळणार आहे? ताई शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी खूण वर केली, काम झाल्यावर खाली केली. ते नियमानं वागले. नियम मी मोडला." ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. अर्ध्या जिन्यात त्या थांबल्या, माझा खांदा धरला, श्वास घेतला आणि पुन्हा चढू लागल्या. आत मिलचे मॅनेजर, चौकशीचे दोन साहेब आणि कोपऱ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला देवांगन. ताईंनी बसायच्या आधीच सांगितलं, "ग़लती ऑपरेटर की नहीं है. ग़लती मेरी है, और मैं दिखा सकती हूँ." मग त्यांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि तातडीची कामं मुद्दाम भराभर पाठवून ती चूक सगळ्यांसमोर घडवून दाखवली. कोणी बटणाला हात न लावता पडद्यावर 'चालू करा' आलं. मग त्यांनी तो राहिलेला शब्द घातला आणि तेच सगळं पुन्हा चालवलं. या वेळी काहीच झालं नाही. मॅनेजरांनी विचारलं, "कितना बदलना पड़ा, मैडम?" ताई म्हणाल्या, "एक बाइट." म्हणजे जेमतेम एका अक्षराएवढा बदल. चौकशीच्या साहेबांपैकी एक जण हसला, बहुतेक त्याला ती थट्टा वाटली. देवांगन मात्र हसला नाही. तो ताईंकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं... मी त्या दिवशी त्या खोलीत होते, हे माझ्या आयुष्यातलं मोठं भाग्य मानते.

देवांगनला कामावर परत घेतलं. भाजलेल्या मजुराला बघायला ताई दोनदा गेल्या आणि त्याच्या उपचारांचं काय होतंय यावर मिलचा पिच्छा सोडला नाही. कंपनीच्या मालकांनी काही महिने ताईंना काम दिलं नाही. मग एका दुपारी ते स्वतःच आले. बाकीच्या मिल म्हणत होत्या, की ज्या बाईने स्वतःची चूक दाखवली, तिनेच आमचेही कंट्रोलर तपासावेत. ताईंनी तेव्हा अट घातली. तळाचं काम लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी त्यांच्याकडून नियम शिकायचे. येताना काही गृहीत धरायचं नाही, जाताना जसं होतं तसं ठेवायचं. पुढे जगभरातले लोक मिळून बनवतात अशा एका फुकट ऑपरेटिंग सिस्टिममध्येही त्यांना तसाच एक राहून गेलेला शब्द सापडला. त्यांनी तो पाठवला. परदेशातल्या माणसांनी आधी वाद घातला, मग तो स्वीकारला. त्या संध्याकाळी अनिल पेढे घेऊन आले. सासूबाईंनी तोंडातला पेढा चघळत विचारलं, "काय केलं शैलीनं?" ताई म्हणाल्या, "एक शब्द लिहिला, आई." सासूबाई म्हणाल्या, "मोठा असन." त्यानंतर वर्षभराने सासूबाई गेल्या. ताई पुन्हा बंगळूरला जातील असं आम्हाला वाटलं होतं. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "इथं माझ्या कामाचा आवाज ऐकू येते." मिलचा भोंगा वाजला होता तेव्हा.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. समोरच्या खोलीत पंगत बसवायची म्हणून पुतण्यांनी सामान हलवायला घेतलं. खिडकीजवळच्या टेबलावर एक उघडा कंट्रोलर ठेवलेला आहे. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ताईंनी त्याच्यावर नवा प्रोग्राम चढवला आणि तपासणीसाठी चालू करून ठेवला. एकाने त्याचा प्लग काढायला हात पुढे केला, आणि ताई गेल्यापासून ज्यांच्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं ते माझे यजमान दारातूनच ओरडले, "हात नको लावू! तिचं काम चालू हाय." पंगत अंगणात बसली. रोज सकाळी मी ती खोली झाडते, टेबल पुसते, वायरींच्या आजूबाजूने हलक्या हाताने फडकं फिरवते. कंट्रोलरवर एक बारीक दिवा लुकलुकतो. आत कुठे काही चुकलं तर तो लाल होईल, असं ताईंनी मला दवाखान्यात जाताना सांगून ठेवलं होतं.

अजून हिरवाच आहे.