हात पाठीमागे

कल्पना करा, तुमच्या शेजारी कुणीतरी संगणकासमोर बसलंय. हवं ते बटण तुम्हाला दिसतंय, त्याला सापडत नाहीये. तुम्ही हात पाठीमागे घ्यायचे. दाखवायचं नाही, सांगायचंही नाही, फक्त विचारायचं. करून बघा. जीभ चावून चावून दुखायला लागते.

चष्मेवाल्या काकांच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी आमचा अड्डा जमतो. कुणाला वेबसाइट करायची असते, कुणाला फोनमधली अडचण सोडवायची असते. नियम काकांचा, थेट त्यांच्या धंद्यातून आलेला. डोळे तपासताना ते भिंग बदलतात आणि विचारतात, "आता बरं दिसतंय की मघाशी?" उत्तर गिऱ्हाइकानंच द्यायचं. काकांनी सुचवलं की नंबर चुकलाच.

काकांची थोरली बहीण आमच्यातली सगळ्यांत चिकाटीची. आम्ही तिला ताई म्हणतो. जन्मभर कपडे शिवले. आता बोटांचे सांधे धरलेत, कात्री चालत नाही. म्हणून ती कापडाच्या कापणीचे नमुने संगणकावर काढत होती. ते इंटरनेटवर ठेवायचे, म्हणजे तिची कापणी कुणाच्या तरी हातात राहील. गळे, बाह्या, कॉलर, सगळं एकाच फाइलमध्ये. कित्येक महिन्यांचं काम.

त्या रविवारी तिला फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची होती. पेनड्राइव्हवर त्याच नावाची जुनी, अर्धवट फाइल होती. ताईनं नेमकी तीच उचलली आणि संगणकावर आणून सोडली. पडद्यावर प्रश्न आला: या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का?

काका मागेच उभे होते. हात पाठीमागे.

"ताई, काय विचारतंय ते?"

"ठेवू का म्हणतंय."

"कुठली कुठे ठेवतेयस?"

"धाकट्या, माझी परीक्षा घेऊ नकोस. दुकानात घे." आणि तिनं 'हो' दाबलं.

फाइल उघडली, तर आत दोन गळे आणि एक बाही.

मी संगणकाचं शिकलोय, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. येत होतं ते सगळं करून बघितलं, हाती धुपाटणं.

ताईनं खुर्ची काकांकडे वळवली. "तुला दिसत होतं?"

"हो."

"आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"नियम आहे ना, ताई..."

"नियम गेला चुलीत!" ती उठून निघून गेली.

आठवडाभर बहीणभावांत बोलणं नव्हतं. काकांनी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं.

पुढच्या रविवारी ताई आली. कुणाशी न बोलता बसली, नवी फाइल उघडली आणि कॉलरची पहिली रेघ ओढली. मग मान न वळवता म्हणाली, "शिकवताना विचारा हवं तेवढं. पण काही पुसलं जात असेल तर ओरडायचं. कळलं का, धाकट्या?"

"कळलं."

"मग चहा सांग."

नियम बदलला. त्यानंतर ओरडण्याची वेळ आलेली नाही. कॉलर झाली, आता बाही चालू आहे. पण काकांचं मन काही निवत नाही. परवा दुकानाचं शटर ओढता ओढता त्यांनी मला थांबवलं.

"मला सांग, लहानपणापासून तिनं माझं एक म्हणून ऐकलेलं नाही. त्या दिवशी मी ओरडलो असतो, तर हात थांबवला असता का तिनं?"

"त्यांनाच विचारा की."

"तेच तर," काका म्हणाले. "विचारू का?"