सातवा संपायच्या आत

पाऊस संपला की नवघरमधली आमची चाळ संध्याकाळी सहालाच दारं-खिडक्या लावून घ्यायची. दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा तापलेला असायचा, पंखा गरम हवा ढवळत राहायचा, तरी खिडकी उघडायची सोय नव्हती. उघडली की डास. भिंतीपलीकडून टीव्हीचे, भांड्यांचे, भांडणाचे आवाज यायचे. माझ्या खोलीतून पलीकडे काहीच जात नसे, कारण खोलीत मी एकटाच होतो.

माझे वडील कारखान्यातल्या युनियनमध्ये होते. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. शाळेच्या पुस्तकात 'कमळ' यायच्या आधी मला 'मागण्या' वाचता येत होतं. छापून आलेल्या गठ्ठ्यांच्या घड्या घालणं हा माझा खेळ होता. छापलेलं खोटं नसतं, निदान आपल्या बाजूने छापलेलं तरी नसतं, असं मी विशीपर्यंत मानत आलो. वडील गेले आणि आई रत्नागिरीकडे, मामाच्या गावी राहायला गेली. मागे उरलो मी, स्टेशनजवळच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करायची नोकरी, आणि वडिलांनी जपलेल्या पत्रकांची तीन खोकी. खोलीत जागा नव्हती, म्हणून खोकी मागच्या गॅलरीत ठेवली होती. भिजू नयेत म्हणून जूनच्या आधीच त्यांच्यावर निळं प्लास्टिक टाकून कडेने विटा ठेवल्या होत्या. चाळीत सगळेच असं प्लास्टिक टाकायचे आणि दिवाळीच्या साफसफाईला काढायचे. त्याआधी कोणी काढत नसे.

शेजारच्या खोलीत मावशी राहायची. नात्याने कोणीच नव्हती. मूळची रायगडची, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या कामाला जायची. माझ्या खोलीची दुसरी चावी तिच्याकडे असायची. आईनेच गावी जाताना ती तिच्याकडे ठेवली होती. संध्याकाळी कामावरून आल्यावर मावशी भिंतीवर दोनदा थापटायची आणि विचारायची, "जेवलास का?" मी "हो" म्हणालो तरी तिला ते खोटं वाटायचं. मग दारात एक वाटी यायची. दिवसभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारी तेवढी एकच होती. दुकानात मी नवरा-नवरींच्या नावांशी बोलायचो.

त्या वर्षी तिच्या मुलीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मावशीच्या मनात लग्नाच्या दिवसापासून ठरलेलं. तिने गोधड्या शिवून ठेवल्या होत्या, डिंक आणून ठेवला होता. आठव्यात पोटुशी बाईला हलवत नाहीत, म्हणून सातवा संपायच्या आत, दसरा झाला की लगेच मुलीला आणायचं होतं. पण पितृपक्षातच चाळीत मलेरिया शिरला. आधी कोपऱ्यातल्या खोलीत, मग माझ्या समोरच्या घरात.

"पोटुशी पोर मी तापात आणून टाकू का?" मावशी म्हणाली. "सासरचे आधीच म्हणतायत, तिकडे डास फार, इथेच राहू दे."

"दसऱ्यापर्यंत ताप घालवतो," मी म्हणालो.

"तू काय डॉक्टर आहेस?"

"डॉक्टर नाही. पण कारण माहितीये मला."

कारण मला खरंच माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. चाळीच्या मागे एका बिल्डरने पायासाठी खड्डा खणून काम थांबवलं होतं. त्यात पावसाचं पाणी हिरवं होऊन साचलं होतं. शत्रू समोर दिसत होता. मी दुकानात उशिरापर्यंत थांबून पत्रक तयार केलं: ताप आमच्या घरात, नफा त्यांच्या खिशात. वरच्या ओळीला मोठी अक्षरं, खाली सह्यांसाठी जागा. दारोदार गेलो. लोकांनी सह्या केल्या, थोडी थट्टाही केली. समोरचा उत्तर प्रदेशी रिक्षावाला नुकताच तापातून उठला होता. अंगावर चादर घेऊन तो दारात बसला होता.

"नेताजी, एक पर्चा मच्छर को भी दे दो," तो म्हणाला. "पढ़के खुद चला जाएगा."

सही मात्र त्याने सगळ्यांच्या आधी केली.

त्याच आठवड्यात पाणी तपासणारी पालिकेची एक ताई चाळीत आली. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. घरोघरी पिंप, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या बघायच्या, हे तिचं काम. पाणी आमच्याकडे एक दिवसाआड यायचं, म्हणून प्रत्येक घरात दोन-दोन पिंपं भरलेली. मी तिला चाळीच्या तोंडाशीच अडवलं.

"ताई, आधी तो खड्डा बघा. आमची पिंपं कशाला तपासताय? आम्ही काय गुन्हेगार आहोत?"

"दादा, खड्ड्याचं मी लिहून घेते. पण हा डास स्वच्छ पाण्यात होतो. घरातलंच बघावं लागतं."

"म्हणजे दोष आमचाच. बिल्डरला कोणी विचारायचं नाही, गरिबाच्या घरात मात्र टॉर्च मारायचा."

मागे बायका जमल्या होत्या. कोणीतरी "बरोबर बोलतोय" म्हणालं. त्या दोन शब्दांनी मला केवढा जोर आला, ते आज लिहितानाही आठवतं. इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडे बघावं, असे दिवस माझ्या आयुष्यात फारसे नव्हते. ताईने वही मिटली. "ठीक आहे, खड्ड्याचं बघते," म्हणाली आणि परत गेली. एकाही घरात ती शिरली नाही.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी बिल्डरचा डंपर आला आणि खड्डा मुरुमाने भरून गेला. चाळीत मला दोन-तीन घरी चहा मिळाला. मावशीने फोनवर मुलीला सांगितलेलं भिंतीतून ऐकू आलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यायला येते. बॅग भर."

मधे दोनदा परतीचा पाऊस पडून गेला होता. मी पत्र्याचा आवाज ऐकत आत पडून होतो. खोकी भिजत नाहीत ना, एवढंच मनात आलं. प्लास्टिक आहे, म्हणून उठलो नाही.

सातव्या माळेला दुपारी दुकानात मला थंडी भरली. कीबोर्डवर हात थांबेनात. घरी कसा आलो ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मावशी चावीने दार उघडून आत आली होती. तिने कपाळावर ओलं फडकं ठेवलं, पेज भरवली, रक्त तपासायला रिक्षात घालून नेलं. रिक्षा समोरच्याचीच होती. मलेरियाच निघाला. ताप उतरल्यावरही चौदा दिवस रोज एक गोळी घ्यायची, रिकाम्या पोटी नाही, मधे बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"खड्डा तर बुजला," मावशी परत येताना म्हणाली. "मग हा डास आला कुठून?"

मी डोळे मिटून घेतले. तापाचं निमित्त होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने माझ्या घामेजल्या चादरी धुतल्या आणि वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेली. दोरी खोक्यांच्या वर होती. ती तोल सावरायला वाकली, तिचा हात निळ्या प्लास्टिकवर पडला आणि पाण्याचा आवाज झाला.

"इकडे ये," ती म्हणाली.

मी भिंतीला धरत गेलो. दोन खोक्यांच्या मधे प्लास्टिक खोल दबलं होतं आणि त्यात परातभर पाणी होतं. अगदी नितळ. त्यावर ऊन पडलं होतं आणि उन्हात शेकडो बारीक अळ्या हलत होत्या. आमच्या दोघांच्या गॅलऱ्यांच्या मधे फक्त एक लोखंडी गज होता. तिच्या खिडकीपासून ते पाणी चार हातांवर होतं. त्याच खिडकीखाली मुलीसाठी गादी घातलेली होती.

मावशी ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने प्लास्टिकचं एक टोक धरलं, मला दुसरं धरायला सांगितलं. पाणी आम्ही कोरड्या तापलेल्या फरशीवर ओतलं. अळ्या थोडा वेळ वळवळल्या आणि सुकल्या.

"ती बाई आली होती," मावशी म्हणाली. "टॉर्चवाली."

"हो."

"तू परत पाठवलीस."

"हो."

"आणि मी मागे उभी राहून बरोबर म्हणाले."

ते दोन शब्द तिचे होते, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी भिंतीतून तिचा आवाज आला. "नको येऊस. इथे अजून ताप आहे. सासूबाई करतील गं, त्या काय वाईट नाहीत." मग नुसतंच "हं, हं" असं पुष्कळ वेळ. सातवा महिना संपायला सहा दिवस होते. उडालेले डास सहा दिवसांत कोणाला परत बोलावता येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने आपट्याची पानं दिली नाहीत. चावी दिली. "आता बरा आहेस. तुझी तुझ्याकडे असू दे," म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्या दिवसापासून भिंतीवर थापटणं बंद झालं.

चौदा गोळ्या मी एकट्याने घेतल्या. पेज करायला शिकलो, ती दोनदा करपली. दुपारी खोकी उघडून पत्रकं उन्हात पसरायचो. एका खोक्याचा तळ कुजून लगदा झाला होता. उरलेल्यांवर दगड ठेवून मी मधे बसून राहायचो. सगळीकडे ठाम अक्षरं, प्रत्येक ओळीत दुसऱ्या कोणाचा तरी दोष. खोटं त्यात काही नव्हतं. बिल्डरचा खड्डाही खोटा नव्हता. पण माझ्या गॅलरीबद्दल त्यांतलं एकही पत्रक काही बोलत नव्हतं.

बरा झाल्यावर मी त्या ताईला शोधून काढलं आणि चाळीत घेऊन आलो. प्रत्येक दारात मीच सांगितलं की डास माझ्याकडे निघाले. रिक्षावाला या वेळी हसला नाही. म्हणाला, "आओ, देखो." दोन घरांच्या पिंपांत अळ्या सापडल्या. पाणी ओतून द्या, असं एक दिवसाआड पाणी मिळणाऱ्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. बायकांनी ते गाळून घेतलं, पिंपं घासली आणि जुन्या साडीचं फडकं तोंडावर घट्ट बांधलं.

डिसेंबरात मावशीच्या मुलीला सासरीच मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मावशीने चाळीत बर्फी वाटली. माझ्याकडेही दोन तुकडे आले, पण दुसऱ्या शेजारणीच्या हातून. मावशीने शिवलेल्या गोधड्या कपाटातून निघून पिशवीत भरल्या गेल्या, हे मी दारातून पाहिलं.

पुढच्या वर्षी पाऊस गेला तेव्हा मी पत्रक काढलं नाही. प्लास्टिक आधीच काढून खोकी आत, खाटेखाली सरकवली आणि टॉर्च घेऊन दर रविवारी घरोघरी जाऊ लागलो. मावशीच्या दाराशी शेवटी गेलो. तिची मुलगी दसऱ्याला राहायला आली होती. लहानगी रांगत जाऊन भिंतीला धरून उभं राहायच्या खटपटीत होती.

"बघ, काय बघायचं ते," मावशी म्हणाली.

तिने पिंपावरच्या फडक्याची गाठ सोडली. मी वाकून टॉर्च मारला. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं. माझ्यामागून तीही वाकली आणि माझ्याइतकाच वेळ बघत राहिली.

"काही नाही," मी म्हणालो.

"अजून एकदा बघ. कडेला."

मी कडेने फिरवून पुन्हा पाहिलं. तिने गाठ मारली, ती आपल्या हाताने ओढून तपासली आणि मुलीला म्हणाली, "आता खिडकीखाली घाल गादी."

मी निघालो. खिशात माझ्या खोलीच्या दोन्ही चाव्या होत्या. त्यातली एक तिच्या फळीवर ठेवून यावं असं दारातून बाहेर पडताना मनात आलं. तिने मागितली नाही, मी ठेवली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा यायचंच होतं.