रॉकेलचा डबा आणि गणूजीची बंडी

मुंबईच्या दुकानदारानं डबा माझ्या हाती देताना एक वाक्यही सोबत बांधून दिलं. "पंत, याचा वास जिथवर जातो तिथवर हे स्वतः पोचलेलं असतं. विस्तव लांब ठेवा."

डब्यात होतं रॉकेल (खडकाखालून काढलेलं तेल). अमरावतीच्या एका अडत्याला लेकीच्या लग्नात काचेच्या चिमणीचे विलायती दिवे लावून गाव दिपवायचं होतं, आणि ते तेल पोचवायला अख्ख्या पुण्यातून माझ्याइतका शूर माणूस त्याला सापडला नाही. निघताना मी हसत होतो. आगगाडी संपली तिथून टांग्यानं अकोल्यास पोचलो तेव्हा हसू निम्मं झालं होतं, कारण डब्याचा डाख (सांध्यावरचा झाळ) कुठंतरी उलला होता आणि वास माझ्या पगडीत शिरला होता.

साता समुद्रापलीकडं लढाई जुंपून तिकडचा कापूस बंद झालेला, त्यामुळं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव. अकोल्याच्या रस्त्यांवर इतकी रुई उडत होती की कुत्री भुंकायला तोंड उघडायची आणि शिंकून मिटायची. त्या रुईत दर दहा पावलांवर एक माणूस चकमक झाडून चिलीम पेटवत होता. मी डबा पोटाशी धरून अंग चोरत चाललो. ठिणगी उडे तिथं मी उडे.

अमरावतीला भाव जास्त आहे अशी आवई होती, म्हणून बंड्यांचा तांडा तिकडंच निघाला होता. त्यातल्या बार्शीटाकळीच्या गणूजीनं मला बंडीवर (बैलगाडीवर) घेतलं. तो स्वतःच धुरकरी (गाडी हाकणारा) आणि रुईचा मालकही. गठ्ठ्यांवर त्याची बायको भागाबाई बसलेली. तिला रोज कोसभर लांबून पाणी आणावं लागे. या रुईच्या पैशातून परसात विहीर खोदायची ठरली होती, म्हणून रुईची राखण तिनं नवऱ्यावरही सोपवली नव्हती. माझा डबा तिनं मागच्या टोकाला बांधायला लावला. "वास येते पंत याचा. मेल्यावानी," एवढंच म्हणाली.

मागचा बंडीवाला दिवसभर चिलीम ओढी. वारा त्याच्याकडून आमच्याकडं. मला वाटे, वाऱ्याला माझं नाव कुणीतरी सांगितलंय. वाटेत पळसाला केशरी बहर आला होता. लोक त्याकडं पाहून खूश होतात, मला सारं रान पेटल्यासारखं दिसे.

मूर्तिजापूरच्या अलीकडं दुपारी थांबलो. तिथं कलालाची मोहाच्या दारूची भट्टी होती. मडक्यातून वाफ निघे आणि गार नळीतून थेंबथेंब गळे. कलालानं पहिल्या धारेचे थेंब वाटीत घेऊन पेटवले. निळसर जाळ, धूर नावालाही नाही. गणूजी पसंतीनं मान हलवू लागला, आणि मला गप्प राहवेना. भाकरी-ठेचा खाता खाता मी सगळी विद्या पाजळली. माझं तेलही असंच निघतं म्हणालो. जमिनीतून काळा दाट रस येतो, तो भट्टीवर चढवला की आधी हलका अर्क उडतो, जो नुसत्या ठिणगीनं भडकतो. मग दिव्याचं तेल, त्यामागून जड वंगण, आणि तळाशी डांबर. लबाड व्यापारी पहिला अर्क दिव्याच्या तेलात मिसळतात. दारू पाण्यात मिसळते, हे तेल पाण्यावर तरंगतं आणि तरंगतानाही जळतं.

गणूजीनं एकच विचारलं, "म्हंजे वंगनबी याच्यातूनच निंगते?"

"त्यातूनच," मी ऐटीत म्हणालो आणि बाभळीखाली आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी बडनेरा जवळ आला तेव्हा उजवं चाक कुरकुरू लागलं. मग किंचाळू लागलं. असं किंचाळलं की पुढच्या गावच्या म्हशी आटल्या असतील. वास आज अंगावर येत होता. वाकून पाहिलं तर डब्याच्या तोंडात रुईचा बोळा कोंबलेला, बोळा ओला, आणि चाकाच्या तुंब्यातून (आस ज्यातून जातो त्या मधल्या लाकडातून) धूर.

गणूजीला मी चाकाकडं बोट दाखवलं.

"त्याले काय झालं?" तो म्हणाला. "वंगन सरलं होतं माह्यं. तुमच्या डब्यातलं टाकलं. तुमीच त सांगतलं, वंगन याच्यातलंच."

दिव्याच्या त्या पातळ तेलानं आसावरचं उरलंसुरलं एरंडेल धुऊन काढलं होतं. लाकूड लोखंडावर कोरडं घासत होतं, आणि वर त्याची वर्षभराची रुई. मी सांगतोय तोवर तुंब्याशी फक् असा आवाज झाला आणि पिवळी जीभ गठ्ठ्याच्या कडेला लागली. भागाबाईनं खाली उडी मारून पाण्याची घागर उचलली.

"पाणी नको," मी ओरडलो. "जाळ पाण्यावर बसून पसरेल. माती टाका, माती."

गणूजीनं बैल सोडले आणि काळी माती ओंजळीनं फेकू लागला. भागाबाई जळता गठ्ठा ओढत होती. मी मात्र पाच हात मागं सरलो होतो, आणि पाय आणखी मागं जाऊ पाहत होते. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. आवाज चढवलाही नाही.

"डबा तुमचा, इहीर माही."

मग मी डबा सोडून घेतला आणि पळालो. चित्ता मला पाहून लाजला असता. तेल बोळ्यातून मनगटावर पाझरत होतं, मागं जाळ, मागच्या बंडीवाल्याच्या तोंडात अजून चिलीम. वास माझ्यासोबत धावत होता, म्हणजे ते स्वतः माझ्यासोबत धावत होतं. नाल्याच्या कोरड्या पात्रात डबा उपडा केला आणि वाळूत बसून लहान मुलासारखा रडलो. हे पुण्यात कुणाला सांगू नका.

परत आलो तेव्हा जाळ मातीखाली गेला होता. एका गठ्ठ्याची कड करपली होती, बाकी रुई शाबूत. मागच्या बंडीवाल्यानं आपलं एरंडेल दिलं. गणूजीनं तुंबा निववून आस माखला. भागाबाई खाली बसून ओंजळभर करपलेली रुई निवडत होती.

अमरावतीत अडत्याला मी रिकामा डबा दाखवला आणि हलकं तेल आहे, उन्हानं उडून गेलं, असं गंभीरपणे सांगितलं. शास्त्राप्रमाणं त्यात खोटं फार नव्हतं. लग्नात करडईच्या तेलाचे दिवे लागले आणि नवरी छान दिसली. रुई विकली गेली. रिकामा डबा भागाबाईनं मागून घेतला, विहिरीवर पाणी ओढायला.

पुण्यात आता शेजारीपाजारी चिमणीचे दिवे आलेत, आणि बायको मला भित्रा म्हणते. रॉकेल विकायला आलं की मी वाटीभर अंगणात नेतो आणि पेटती काडी लांबूनच वाटीवर धरतो. काडी टेकण्याआधी वरची हवाच पेटली तर ते तेल परत जातं. तसं पेटलं नाही, तरीही मी थोडा वेळ तिथंच उभा राहतो. वास येत असतो, आणि कुणीतरी माझ्याकडं मान वळवून पाहत असतं.