डाव्या पाट्याचा आवाज

वहिनीने ट्रक धुतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक बोलायला लागला.

आदल्या दिवशी ती नदीच्या पात्रातून खडी घेऊन आली होती. रस्ता असा नव्हताच. गोटे, चिखल, पुन्हा गोटे. संध्याकाळी तिने पाइप लावून चाकांवरचा, खालच्या सांध्यांतला चिखल पाण्याच्या जोराने काढला. सकाळी गाडी फाटकाकडे घेतली, तर पुढून कुईं... कुईं... कुणी गंजलेलं दार सारखं उघडतंय आणि आत मात्र येत नाही, तसं.

फाटकाशी खुर्ची टाकून तिचा नवरा बसला होता.

"धुतल्यावर गाडी बोलतेच," तो म्हणाला. "सांध्यांतले बुश कोरडे पडलेत. जळकं तेल मार आणि नीघ."

त्याचं म्हणणं सहसा खरं ठरायचं. वीस वर्षं हा ट्रक त्यानेच चालवला होता. मग साखरेने त्याचे डोळे नेले. एकदम नाही, आधी रात्रीचा रस्ता गेला, मग बोर्ड गेले, मग समोरून येणारी माणसं. तिने लायसन काढलं, तेव्हा पहिलं वर्ष तो शेजारी बसून इंजिन ऐकून गिअर सांगायचा. आता शेजारीही बसत नसे. पण खाणीवर सगळे म्हणायचे, गाडी वहिनी चालवते, कान दादांचे. दुसरे ड्रायव्हरसुद्धा फाटकाशी गाडी उभी करून विचारायचे, दादा, ऐका जरा. तो मान तिरकी करून ऐकायचा. त्या वेळी तो आंधळा वाटत नसे.

"वहिनी, निघा ना," मुकादम म्हणाला. तो मोटारसायकल चालू ठेवूनच उभा होता. "वरती खाणीत दगड फोडून ठेवलाय. पुलाची माणसं खोळंबलीत."

वरून भरायचं आणि लांब उतार उतरून पुलापाशी रिकामं करायचं. उताराच्या तळाशीच ती माणसं काम करायची. पुढच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा उतारावर तुटला तर अ‍ॅक्सल सरकतो आणि स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. हे तिला नवऱ्यानेच शिकवलं होतं.

ती खाली उतरली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"बघते."

"मी सांगितलं ना काय आहे ते."

तिने चाकांना दगड लावले आणि मगात साबणाचं पाणी केलं. "मुकादम, गाडी बंद करा तुमची. बंपरवर चढून जरा नाचा."

"मी?"

"दुसरं कोण?" ओट्यावर भांडी घासणारी सासू म्हणाली. "एवढं पोट वाढवलंय, कुणाच्या तरी कामाला येऊ दे."

मुकादम कुरकुरत चढला आणि नाचायला लागला. कुईं, कुईं. वहिनीने वाकून डाव्या बुशवर पाणी ओतलं. आवाज तसाच. मग पिनेवर ओतलं. तसाच. मग पाट्यांवर. त्या एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या होत्या, गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर. मधल्या बोल्टांपाशी पाणी झिरपलं आणि आवाज थांबला.

"बघ," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "बुश नाही तर पाटे. कोरडेच. तेल मार."

"उजवीकडचे का नाही बोलत मग? चिखल दोन्हीकडे होता. पाणी दोन्हीकडे मारलं."

सासूचा हात भांड्यावर थांबला. या घरात त्याच्या कानाला उलटा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"तुला माझ्यापेक्षा जास्त ऐकू यायला लागलं का गं?"

"ऐकू नाही येत. म्हणून तर बघायचंय."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. शब्द परत घ्यायला जागा नव्हती. तिने जॅक ओढला, चॅसीखाली लावला आणि दांडा मारत राहिली. गाडीचं ओझं हळूहळू पाट्यांवरून उचललं गेलं. बॅटरी लावून ती खाली सरपटली.

वरून दुसऱ्या पट्टीत, बोल्टांच्या अगदी कडेला, नखाएवढी फट उघडली होती. इतके दिवस चिखल तिथे भरून बसला होता, म्हणून आवाज नव्हता.

"तुटलाय," ती खालूनच म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भिंतीला, मग मडगार्डला हात लावत तो चाकापाशी आला आणि उकिडवा बसला.

"फटीत बॅटरी मार," तो म्हणाला. "आतून चकाकतंय की काळं?"

तिला प्रश्न समजला. ताजं तुटलेलं पोलाद चकाकतं. जुनी चीर आतून गंजते, काळी पडते. तिने बॅटरी मारली. आत काळं होतं, जवळजवळ पूर्ण जाडीभर. खालच्या कडेला तेवढी दोऱ्याएवढी चकाकी.

चकाकतंय, असं म्हणता आलं असतं. कालच्या गोट्यांवर सगळा दोष गेला असता. तो खुर्चीवर परत बसला असता, एवढी पट्टी बदलून गाडी निघाली असती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो तिच्या दिशेने बघत नव्हता, थोडा बाजूला बघत होता, नेहमीसारखा.

"काळं," ती म्हणाली. "कडेला जरासं चकाकतंय."

"किती काळं?"

"बहुतेक सगळंच."

त्याने मान हलवली. "म्हणजे माझ्या हातात होती तेव्हापासून. मी रोज ऐकत होतो."

मुकादम बंपरवरून उतरला. "मग तेच म्हणतो मी दादा! इतकी वर्षं अशीच चालली ना? आजची एक खेप नाही का चालणार? तुम्ही सांगा, तुमचा शब्द शेवटचा."

वहिनी खालीच पडून राहिली. त्याला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की वीस वर्षं चुकीची ठरत नव्हती. गाडी चालली होती, चालेल. तो बराच वेळ टायरवरून हात फिरवत राहिला, जणू तिथे काही लिहिलेलं असावं.

"मला नको विचारू," तो म्हणाला. "चालवणारीला विचार."

मुकादमाला वाकावं लागलं. गाडीखाली तोंड घालून त्याने विचारलं, "वहिनी?"

"नाही येणार. दुसरी गाडी बघा."

"साहेब माझ्यावर ओरडणार."

"ओरडू दे," सासू म्हणाली. "ओरडण्याने माणूस मरत नाही."

मोटारसायकल धूर सोडत गेली. वहिनी खालून बाहेर आली. केसांतली माती झटकली आणि पाना उचलला.

"उजवीकडचा पाटाही सोड," नवरा म्हणाला.

"तिकडून काहीच आवाज नाही आला."

"नाही आला," तो म्हणाला. "तरी सोड. बघ."

तिने जॅक ओढत पलीकडे नेला.