अप्पांची मूठ आणि हिरवी पट्टी

केळीचा चीक एकदा शर्टला लागला की डाग जात नाही, हे बुऱ्हाणपुरात शेंबडं पोरही सांगेल. आमच्या सेंटरचे किस्से तसेच. घरी जाऊन अंघोळ केली तरी अंगावर राहतात.

सेंटर म्हणजे इतवारा पेठेतल्या एका कापडाच्या दुकानावरचा हॉल. पॅरालिसिसच्या पेशंटना तिथे मशीनवर व्यायाम देतात. मी इंदूरला बायोमेडिकल इंजिनिअरिंग करत होतो, तिसऱ्या वर्षी सोडलं. का सोडलं ते विचारू नका, सगळ्या नातेवाइकांचं विचारून झालंय. आता इथे मशीन चालवतो. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. रिटायर्ड हेडक्लार्क माणूस! अबोलासुद्धा फाइल चालवल्यासारखा चालवतो.

*

आमच्याकडे एक मोटारवाला हातमोजा आहे. मेंदूकडून हातापर्यंत पोचणारा बारीकसा सिग्नल पकडतो आणि बोटं मिटायला-उघडायला मदत करतो. दसऱ्याला शाहपूरच्या नामदेवकाकांनी, केळीवाले आहेत ते, त्याची पूजा घातली. हळद, कुंकू, वर नारळ फोडला. पाच मिनिटांत टेबलावरचा रिकामा मोजा आपोआप उघडझाप करायला लागला!

काकांनी चांगला हात कपाळाला लावला. "पाहा भो, देवी पावली!"

"देवी नाही काका, सेन्सरमध्ये नारळाचं पाणी गेलंय."

"मंग तेच पाणी माझ्या हातावर टाक ना!"

*

दुसरा प्रकार आरशाचा. लुळा हात आरशामागे लपवायचा, चांगला हात समोर हलवायचा. मेंदूला वाटतं, लुळाच हलतोय. होता होता तो खरंच हलायला लागतो, निदान काहींचा.

नव्या पेशंट सुशीलाकाकूंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मेंदूला फसवायचं?"

"हो, तसंच समजा," मॅडम म्हणाल्या. या आमच्या फिजिओथेरपिस्ट.

काकूंनी बाकावर पेपर वाचत बसलेल्या आपल्या यजमानांकडे बोट केलं. "लग्नापासून हे माझ्या मेंदूला तेच करताहेत. आरशाचा खर्च कशाला केलात?"

यजमानांनी पेपर आणखी वर धरला!

*

मग अप्पांनाच झटका आला. उजवा हात गेला. असं मशीन जवळपास दुसरीकडे नाही, त्यामुळे आले गुमान माझ्यासमोर.

"मॅडम, त्या ऑपरेटरला सांगा, वायर गार लागतेय."

"मॅडम, पेशंटला सांगा, हीटर नाहीये हा."

मनगटाच्या वर स्टिकर चिकटवतात. स्नायू जरा जागा झाला की स्क्रीनवर हिरवी पट्टी वर चढते. मॅडम म्हणायच्या, "अप्पा, मूठ मिटतेय असं मनात आणा." पट्टी ढिम्म. कित्येक दिवस ढिम्म.

एकदा मी पट्टीकडे बघत असताना मित्राचा फोन आला. मी ओरडलो, "परत कॉलेज? मेलो तरी नाही जाणार यार!"

पट्टी सटकन टोकाला!

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं आणि कार्डावर लिहिलं: "मुलगा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

*

मग काय, मी डोस द्यायला लागलो. सकाळी नवीन टॅटूचा विषय, संध्याकाळी बाइक कर्जावर घेतोय. दोन्ही थापा. महिन्याभरात अप्पांची मूठ अशी आवळायला लागली की आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "अजून थोडा वाया जा रे बाबा, गुण येतोय!"

पण मूठ मिटली ती मिटलीच. मॅडमनी स्टिकर काढून हाताच्या मागच्या बाजूला लावले. मिटायचे स्नायू वेगळे, उघडायचे वेगळे, आणि उघडणं मेंदूला फार जड जातं. तिकडची पट्टी पुन्हा ढिम्म. माझ्या थापा इथे कामाच्या नाहीत.

आणि अप्पांचा नियम: डाव्या हातानं जेवायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचंही नाही. म्हणून दोन्ही वेळा आई घास भरवायची. तिचे गुडघे गेलेले, तिचं ताट निवून गेलेलं, पण यांचा नियम मात्र गरम! मी एकदा तोंडावर बोललो, "हात नाही उघडला तर आईनं जन्मभर हेच करायचं का?"

अप्पा भिंतीला म्हणाले, "काही लोकांना घरातलं कळतं म्हणे आता."

*

नामदेवकाकांनी परवा स्वतःच्या हातानं केळीचा घड कापला. उड्या मारत मावा जलेबीचा, म्हणजे खव्याच्या जिलबीचा, खोका घेऊन आले आणि वाटायला मला दिला. अप्पा मशीनवर, स्टिकर लावलेले. त्यांच्यासमोर जलेबी धरून मी उभा.

"मॅडम, त्याला सांगा, डाव्या हातानं आम्ही घेत नसतो."

मॅडमनी मान कार्डात घातली. मी हललो नाही. बोटांवरून पाक ओघळायला लागला.

अप्पांनी उजवी मूठ पुढे केली. स्वतःच तिच्याकडे बघत राहिले, एखाद्या अडलेल्या फाइलकडे बघावं तसं. करंगळी हलली. मग शेजारचं बोट. नामदेवकाका "पट्टी पाहा, पट्टी!" म्हणून ओरडले, पण पट्टीकडे कुणी पाहिलंच नाही.

पुरता नाही, पण तळवा उघडला. मी जलेबी ठेवली.

अप्पांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मला शुगर आहे, गाढवा. अर्धी तू खा."