तोंडी परीक्षेला निघालेल्या बाई

निपाणीहून बेळगावला जाणाऱ्या बसमध्ये संकेश्वरला एक पन्नाशीच्या बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मांडीवर जाडजूड प्रबंध होता आणि ओठ सारखे हलत होते. स्तोत्र म्हणत असतील असं वाटलं, तेवढ्यात ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द कानावर पडला.

"आज पीएचडीची तोंडी परीक्षा हाय माझी," त्या म्हणाल्या. "कॉलेजात शिकवत, घर बघत केलं. लई वर्षं लागली."

मी विषय विचारला.

"नेहमीच्या डेटाबेसात माहिती तक्त्यांत तोडून ठेवतात. पेशंटचं नाव एकीकडं, आजार दुसरीकडं, औषध तिसरीकडं. माझ्या पद्धतीत पेशंट सगळा एका जागी ऱ्हातो, त्यालाच ऑब्जेक्ट म्हणतात."

"मग सगळे हेच वापरत असतील?"

"न्हाय. सुरू केलं तवा हे लई नवं होतं. संपेपर्यंत जुनं झालं."

"मग सोडलं का नाही?"

"प्रश्न सुटला न्हवता की अजून." हे सहज म्हणून त्या पुन्हा प्रबंध उघडून पुटपुटू लागल्या.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये त्या पुन्हा भेटल्या. काय झालं, म्हणून मी विचारलं.

"झालं. पदवी मिळणार. शेवटी परीक्षक म्हणाले, बाई, हे आता कोण वाचणार?"

"मग?"

"म्हटलं, तुमी वाचलासा की."

एवढं सांगून त्यांनी डोळे मिटले. संकेश्वर आल्यावर मलाच त्यांना उठवावं लागलं.